स्वादुपिंडाची बायोप्सी : सुईचा खर्च आणि सुईनंतरचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंडात गाठ असल्याचं लिहून येतं, मग सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, ‘तुकडा घ्यावा लागेल.’ घरात लगेच खर्चाचा विषय निघतो. तो निघायलाच हवा. पण बहुतेक घरांत त्यातला अर्धाच प्रश्न विचारला जातो. सुई टाकायला किती लागतील ते विचारून पैशांची जुळवाजुळव होते. सुईनंतरच्या तीन-चार दिवसांत काही बिघडलं तर कुठे जायचं, तिथे किती लागतील आणि ते कोण भरणार, हे कोणी विचारून ठेवत नाही. अमरावती-अकोल्याच्या माणसाला हा दुसरा अर्धा जास्त महाग पडतो. कारण तपासणी बहुधा नागपूरला होते, आणि दुखणं सुरू होतं ते दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर नाहीतर धारणीच्या घरी, रात्रीच्या वेळी.

म्हणून या लेखात सुईइतकीच जागा सुईनंतरच्या खर्चाला दिली आहे. इथे दिलेल्या रकमा खासगी रुग्णालयांतल्या साधारण पल्ल्याच्या आहेत, अंदाज बांधण्यापुरत्या. तुमच्या रुग्णालयाचा आकडा त्यांच्याच कागदावर लिहून घ्या.

आधी एक प्रश्न : बायोप्सी लागणारच आहे का?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून या अवयवाचं नाव घरोघरी माहीत झालं. त्याबरोबर भीतीही पसरली. स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. जुनाट सूज, टीबी, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज, पाण्याची गाठ, यांतलं काहीही स्कॅनमध्ये गाठीसारखं दिसू शकतं. टीबी निघाला तर औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि मोठं ऑपरेशन टळतं. अशा वेळी बायोप्सीवर घातलेला पैसा सार्थकी लागतो.

उलट बाजूही आहे. सीटीत गाठ स्पष्टपणे कॅन्सरसारखी दिसते आहे, ती काढता येण्याजोगी आहे आणि रुग्ण ऑपरेशन सोसू शकेल असा आहे, तर पुष्कळदा सर्जन बायोप्सी न करता थेट ऑपरेशन करतात. जगभरातली मार्गदर्शक तत्त्वंही याला मान्यता देतात. कारण अशा वेळी बायोप्सीत काही सापडलं नाही तरी ऑपरेशनचा निर्णय बदलत नाही. केमोथेरपी आधी द्यायची असेल, किंवा गाठ काढण्यापलीकडे गेली असेल, तर मात्र तुकड्याचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय औषध सुरू करत नाहीत. तेव्हा तारीख घेण्याआधी सीटीची सीडी घेऊन पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला एकदा दाखवा. ओपीडीचे पाचशे-हजार रुपये जातील, पण कधीकधी पन्नास हजारांची तपासणी आणि तिची जोखीम दोन्ही वाचतात.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सरळ आहे : ‘या रिपोर्टमुळे पुढच्या उपचारात काय बदलणार आहे?’ याचं उत्तर दोन वाक्यांत मिळायला हवं.

सुईचे दोन रस्ते, दोन दर

पहिला रस्ता पोटावरच्या कातडीतून. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत रेडिओलॉजिस्ट बाहेरून सुई घालतात. हे काम अमरावती आणि अकोल्यातही होतं. सुई, सीटीचं शुल्क, डे-केअरचा बेड आणि पॅथॉलॉजी धरून खासगीत साधारण ८ ते १८ हजार रुपये लागतात.

दुसरा रस्ता तोंडातून. एंडोस्कोपीच्या नळीच्या टोकालाच सोनोग्राफीचं छोटं यंत्र बसवलेलं असतं. त्याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात, बोलताना सगळे ‘ईयूएस’ म्हणतात. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, त्यामुळे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई थेट गाठीत जाते. लहान गाठ यात जास्त नीट दिसते, आणि सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याची शक्यता कातडीच्या रस्त्यापेक्षा कमी असते. ऑपरेशनचा विचार असेल तर म्हणूनच बहुतेक सर्जन हा रस्ता सुचवतात. पोटविकारतज्ज्ञ आपल्या दोन्ही शहरांत आहेत. पण ईयूएसवर रोजचा हात बसलेला डॉक्टर आणि सोबत तयार पॅथॉलॉजिस्ट पाहिजे म्हणून अनेकांना नागपूरला पाठवलं जातं.

तिथे खासगीत सगळं मिळून साधारण ४० ते ६५ हजार होतात. त्यातला मोठा वाटा खुद्द सुईचा. ही सुई एकदाच वापरायची असते आणि तिची किंमत १० ते २० हजारांच्या घरात असते. बिलात सुई लावली असेल तर तिच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवून मागा. त्यावर कंपनी, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. स्टेंटच्या बाबतीत लोक हे मागायला शिकले आहेत, सुईच्या बाबतीत कोणी मागत नाही. नवी सुई वापरली याचा पुरावा तेच स्टिकर आहे. नंतर जंतुसंसर्गाचा प्रश्न आला तर तो कागद उपयोगी पडतो.

भूलतज्ज्ञाची फी तीन ते पाच हजार, रक्ताच्या आधीच्या तपासण्या दीड-दोन हजार, साधा तुकड्याचा रिपोर्ट दोन ते चार हजार. गाठीचा नेमका प्रकार ठरवायला पॅथॉलॉजिस्टने खास रंगतपासण्या सुचवल्या तर आणखी चार ते दहा हजार. हे शेवटचं सुरुवातीच्या अंदाजात जवळजवळ कधीच धरलेलं नसतं, म्हणून आधीच विचारा.

सरकारी वाट वेगळी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि त्या निर्णयात अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालयही आहे. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. तिथे आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये शुल्क असलं तरी ते खासगीच्या तुलनेत नाममात्र असतं. नागपूरला एम्सही आहे. या ठिकाणी पैशांऐवजी वेळ मोजावा लागतो. कावीळ वाढते आहे, वजन झपाट्याने उतरतं आहे, तर तीन आठवड्यांची तारीख परवडत नाही. हे संदर्भ-चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या, म्हणजे तारीख अलीकडे ओढता येते.

घरून निघण्याआधी औषधांची पिशवी तपासा

वऱ्हाडातून नागपूरला जाऊन रिकाम्या हाताने परत येण्याचं एक हमखास कारण म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं, वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी. नुसती अ‍ॅस्पिरिन बहुधा चालते. घोटाळा होतो तो जोडगोळ्यांत. ‘इकोस्प्रिन गोल्ड’ या गोळीत अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत क्लोपिडोग्रेलही असतं. रुग्ण सांगतो, ‘फक्त इकोस्प्रिन चालू आहे’, आणि टेबलवर झोपवल्यावर पाकीट बघून तपासणी रद्द होते. गाडीभाडं गेलं, मजुरी बुडाली, तारीख पुढे गेली. म्हणून नावं सांगू नका, पाकिटंच घेऊन जा. गोळी थांबवायची ती मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः स्टेंट टाकलेला असेल तर. स्वतःच्या मनाने थांबवलेली गोळी बायोप्सीपेक्षा घातक ठरू शकते.

प्लेटलेट आणि आयएनआर या दोन रक्ततपासण्या अमरावती-अकोल्यातच करून न्या. बिघाड निघाला तर तो इथेच कळेल. काविळीच्या रुग्णात रक्त गोठण्याची क्षमता अनेकदा उतरलेली असते. व्हिटॅमिन ‘के’च्या इंजेक्शनाने ती पुष्कळदा सुधारते, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

काय बिघडू शकतं, आणि केव्हा

अनुभवी हातांत ईयूएस बायोप्सीनंतर गुंतागुंत होण्याचं प्रमाण साधारण १०० रुग्णांमागे १ इतकं आहे. मृत्यू अतिशय विरळा. पित्तनळीत स्टेंट टाकायची ईआरसीपी ही वेगळी प्रक्रिया आहे आणि तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त असतं. दोन्ही एकाच दिवशी होणार असतील तर जोखीम आणि खर्च दोन्हींचा हिशोब वेगळा मांडून घ्या.

सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाची सूज, पॅन्क्रियाटायटिस. पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर, सतत दुखतं. ते पाठीकडे जातं, सोबत उलट्या होतात, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. हे बहुधा पहिल्या २४ तासांत सुरू होतं, कधी दोन-तीन दिवसांनी. दुसरी गुंतागुंत रक्तस्राव. बराचसा जागीच थांबतो. पण डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर, थंड घाम यांपैकी काही दिसलं तर पोटात रक्त जात असू शकतं. तिसरी जंतुसंसर्ग : दोन दिवसांपासून आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप. पाण्याच्या गाठीत सुई टाकली असेल तर याची शक्यता जास्त, म्हणून तिथे आधी अँटिबायोटिक देण्याची पद्धत आहे. आतड्याला छिद्र पडणं फार दुर्मिळ, पण तसं झालं तर पोट लाकडासारखं कडक होतं आणि ऑपरेशन लागतं.

घसा थोडा खवखवणं, पोट फुगणं, सुईच्या जागी हलकं दुखणं हे एक-दोन दिवस चालतं. दुखणं तासागणिक वाढत असेल, साध्या पॅरासिटामॉलने अजिबात हटत नसेल, तर त्याला गॅस म्हणू नका. सोडा, ओवा, अँटासिडच्या बाटल्या यांत रात्र घालवली तर सूज वाढते. सलाइन पहिल्या काही तासांत सुरू होणं हेच या आजारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी औषध आहे.

एक रात्र नागपुरात

अमरावतीहून नागपूर साधारण १५० किलोमीटर, अकोल्याहून २५०. सकाळी सातला निघून, दुपारी बायोप्सी करून, रात्री घरी पोचायचं असा बेत बहुतेक जण करतात. कारण मुक्कामाचे पैसे वाचतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. भूल उतरायला वेळ लागतो, त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नसते, आणि दुखणं सुरू व्हायची शक्यता सगळ्यात जास्त असते ती याच पहिल्या रात्री. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत किंवा साध्या लॉजवर दोन माणसांना पाचशे ते पंधराशे रुपये लागतील.

आता उलट हिशोब करा. रात्री अकराला अकोल्याच्या घरी दुखणं सुरू झालं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, फरक पडला नाही. पहाटे खासगी अँब्युलन्स ठरवली. ती दोन्ही बाजूंचं अंतर धरते. अकोल्याहून नागपूर म्हणजे आठ ते पंधरा हजार, ऑक्सिजन आणि सोबत डॉक्टर हवा असेल तर त्याहून वर. म्हणजे मुक्कामाच्या कैकपट, आणि सलाइन सुरू व्हायला सहा-आठ तास उशीर.

मुक्काम शक्यच नसेल तर निदान आपल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय दाखल करून घेईल हे निघण्याआधी ठरवा. सौम्य सूज सांभाळायला नागपूर लागत नाही. अमरावती किंवा अकोल्यातलं कुठलंही फिजिशियन असलेलं, आयसीयू आणि लायपेजची रक्ततपासणी असलेलं रुग्णालय पुरतं. बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या : काय केलं, किती वेळा सुई टाकली, आणि रात्री फोन उचलणारा नंबर. ती चिठ्ठी पाहिल्यावर इथल्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

जीव घाबरा झाला, रक्ताची उलटी झाली, शुद्ध हरपायला लागली तर १०८. ही सेवा फुकट आहे आणि रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. मेळघाटातून घाट उतरून यायचं असेल तर दुखण्याच्या पहिल्या तासातच फोन करा.

गुंतागुंतीचं बिल कसं वाचायचं

सौम्य सुजेत दोन ते चार दिवस वॉर्डात राहावं लागतं. सलाइन, वेदनाशामक, उलटीचं औषध, थोड्या रक्ततपासण्या. अमरावती-अकोल्याच्या खासगी रुग्णालयात साधारण १५ ते ४० हजार. निदान कसं होतं ते माहीत असलं की बिल कळतं : ठरावीक प्रकारचं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि स्कॅनमध्ये सूज, या तिन्हींपैकी दोन गोष्टी पुरतात. म्हणजे दुखणं आणि लायपेज जुळलं की पहिल्याच दिवशी पाच ते नऊ हजारांचा सीटी बहुधा लागत नाही. स्वादुपिंडाचा काही भाग मेला आहे का हे सीटीत तीन-चार दिवसांनीच नीट दिसतं. निदानाबद्दल शंका असेल, छिद्र पडल्याचा किंवा रक्तस्रावाचा संशय असेल, तर मात्र सीटी लगेच हवा.

लायपेज रोज तपासण्याचाही उपयोग नाही. आकडा उतरला-चढला तरी त्यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. सौम्य सुजेत, संसर्गाचा पुरावा नसेल तर, भारी अँटिबायोटिक प्रतिबंध म्हणून देऊ नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. चार-पाच दिवस पूर्ण उपाशी ठेवायची जुनी पद्धतही मागे पडली. उलट्या थांबल्या आणि भूक लागली की हलकं खाणं एक-दोन दिवसांत सुरू करतात. यातून दिवस आणि पैसे दोन्ही कमी होतात. डॉक्टरांशी हुज्जत घालायची गरज नाही. ‘हे अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे?’ असं राउंडच्या वेळी शांतपणे विचारलं तर पुष्कळ डॉक्टर नीट सांगतात, आणि रुग्णाच्या बाबतीत खरं कारणही असू शकतं.

सूज तीव्र झाली, श्वास किंवा किडनीवर परिणाम झाला, तर हिशोब पूर्ण बदलतो. आयसीयूचे दिवसाला ८ ते २० हजार, औषधं वेगळी. दोन आठवड्यांत दीड ते पाच लाख सहज होतात. असं प्रकरण फार थोड्या रुग्णांत होतं, पण ज्या घरात होतं त्या घराची शेती गहाण पडते, म्हणून सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड पहिल्या दिवसापासून बाहेर काढायचं. रक्तस्राव थांबत नसेल तर अँजिओग्राफी करून ती रक्तवाहिनी आतून बंद करतात. त्याला साधारण ८० हजार ते दोन लाख लागतात आणि त्यासाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं. रक्ताच्या पिशवीचा खासगी रक्तपेढीचा दर रेड सेल्ससाठी १,५५० रुपये ठरलेला आहे. त्यावर खास तपासणीचं शुल्क लावलं असेल तर पावतीत वेगळं दिसलं पाहिजे.

कार्ड, पॉलिसी, धर्मादाय

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाचे शेतकरीही सातबाऱ्यावर पात्र ठरले, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही आले. आता ही योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तरीही ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला मिळत नाही’ असं अजून गावोगाव ऐकू येतं.

नुसत्या ओपीडीतल्या तपासणीचा खर्च योजनेत बसत नाही. दाखल करून, मंजूर पॅकेजखाली उपचार झाला तर त्यातल्या तपासण्या बसतात. म्हणून बायोप्सीची तारीख घ्यायच्या आधी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरल्यावर नको. भरलेले पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. गुंतागुंत झाली तर स्वादुपिंडाच्या सुजेचं स्वतंत्र पॅकेज योजनेत आहे. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी मिळते आणि कागद नंतर दिले तरी चालतात. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा फॉलोअपही योजनेत येतो. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मान भारतसाठी १४५५५.

खासगी आरोग्य विमा असेल तर एक अट नीट समजून घ्या. जवळजवळ सगळ्या पॉलिसींत ‘केवळ तपासणीसाठी दाखल होणं’ वगळलेलं असतं. त्यामुळे एकट्या बायोप्सीचा दावा अनेकदा नाकारला जातो. पण बायोप्सीत आजार निघाला आणि ठरलेल्या दिवसांत त्याच आजारासाठी दाखल व्हावं लागलं, तर बायोप्सीचं बिल ‘दाखल होण्याआधीचा खर्च’ म्हणून मागता येतं. ही मुदत पॉलिसीनुसार ३० किंवा ६० दिवसांची असते. म्हणून नाकारलं तरी मूळ बिलं आणि रिपोर्ट फेकू नका. आणि बायोप्सीनंतर सूज आली म्हणून दाखल झालात तर ते दाखल होणं उपचारासाठी आहे, तपासणीसाठी नाही. डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव ‘अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस’ असं स्पष्ट आलं आहे ना, ते सही घेण्याआधी वाचा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडू नका, नाहीतर अनेक पॉलिसींत पूर्ण बिलच त्या प्रमाणात कापलं जातं. विमा कंपनीने ऐकलं नाही तर विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने डिपॉझिटसाठी अडवायचं नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. दाखला काढायला दिवस लागतात, तो बायोप्सीआधीच काढलेला बरा.

प्रवासात एसटीने ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही आणि महिलांना निम्मं. कॅन्सरचं निदान झालं की उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्म उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा वऱ्हाडच्या लोकांना ठाऊक आहेच.

ती छोटी बाटली

सगळ्यात वाया जाणारा खर्च म्हणजे दुसऱ्यांदा करावी लागलेली बायोप्सी. अनेक ठिकाणी तुकडा असलेली छोटी बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात, ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणून. बाटलीवरच्या पट्टीवर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, ‘स्वादुपिंड’ आणि कुठला भाग, तारीख, वेळ आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. आतलं द्रव फॉर्मेलिन असतं. तुकडा त्यात पूर्ण बुडालेला हवा. कमी वाटलं म्हणून पाणी किंवा सलाइन घालू नका, झाकण उघडून बघू नका. लॅबची पावती घ्या.

रिपोर्ट आल्यावर काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून सही करून मागून घ्या. नागपूरला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायचं झालं तर याच ब्लॉकवर पुढच्या तपासण्या होतात आणि नवी सुई टळते. ब्लॉक मेणाचा असतो आणि अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडू शकतो. डब्यात घालून, सावलीत, जवळच्या पिशवीत ठेवा.

कागद आणि तक्रार

गुंतागुंत झाली म्हणजे डॉक्टर चुकला असं होत नाही. शंभरातला एक रुग्ण उत्तम हातांतही असतो. पण जोखीम न सांगणं, रात्री दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्याला न तपासता परत पाठवणं, किंवा तपासणीची संमती घेऊन दुसरीच मोठी प्रक्रिया करणं, हे वेगळं आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी नसेल तर. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, निदान वाचून समजावून घ्या आणि सही करण्याआधी त्याचा फोटो काढा.

राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. तपशीलवार बिल मागणं हा हक्क आहे. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी मागणीला पुरावा राहत नाही.

एवढं करूनही अन्याय झाला असं वाटलं तर आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना कागद दाखवा, त्यांच्या मतानंतरच पुढे जा. जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.